पाडव्याची गाडी

अस्मिताला बॅटरीवरची स्कूटर फेब्रुवारीतच घ्यायची होती. सोसायटीच्या कमिटीशी भांडभांडून तिनं पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटही बसवून घेतला होता. पण नवऱ्याचं, मिहिरचं, एकच पालुपद होतं: गाडी पाडव्यालाच आणायची.

पाडव्याला मुलुंडच्या शोरूममध्ये कळलं, सरकारनं करातली सवलत काढून घेतलीय. गाडी आवाक्याबाहेर गेली होती.

“आधी म्हणे धूर करू नका, आणि लोक ऐकायला लागले की हे हात वर करणार,” अस्मिता भडकली.

“मग पेट्रोलची घेऊ ना,” मिहिर हातातला झेंडूचा हार सावरत म्हणाला. “मुहूर्त कशाला चुकवायचा?”

अस्मितानं तो हार घेतला आणि सगळ्यांदेखत त्याच्याच गळ्यात घातला.

“तुझा मुहूर्त तुलाच लखलाभ,” म्हणत ती रिक्षाला हात करायला बाहेर पडली.