बिनमिरचीची खिचडी

"भगोनं कोनतं लेवानं?" नवलसिंगने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मांडणीवरचं सगळ्यात मोठं भगोनं खाली काढलं.

"आप्पा, लगीन शे का घरमा?" चुडामण म्हणाला. "ते ऱ्हाऊ द्या. हाई धाकलं ल्या."

नवलसिंगने मोठं भगोनं जागेवर ठेवायचा प्रयत्न केला, तशी शेजारची दोन ताटं खणखणत खाली आली. सत्तरीला टेकलेला हा उंच माणूस शेतात बैलजोडी एका हाताने आवरायचा. चुडामणच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात मात्र त्याला कोपर कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

तो चुडामणचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. सकाळच्या बसने प्रकाशा गावाहून नंदुरबारला आला होता. चहा झाला, पिकापाण्याचं बोलणं झालं, तरी पाहुणा उठेना. चुडामणला वाटलं, कोर्टकचेरीचं काम असेल. शेवटी नवलसिंगने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत म्हणाला, "दाजी, माले ती खिचडी शिकाडा. तुम्हनी. बिनमिरचीनी."

दिवाळीच्या आधी त्याच्या बायकोला, छबूबाईला, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यातच जमा. तिखटाचा कण जरी घशात गेला तरी ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. मुलगा-सून पुण्याला. शेजारची रमिलाबाई सकाळी भाकरी-भाजी करून जायची, पण तिच्या हाताला मिरचीशिवाय भाजी करायची सवयच नव्हती. शिवाय दुसऱ्या बाईने भरवलं की छबूबाई तोंड फिरवून घ्यायची. जिने हयातभर शेतावरच्या वीसवीस मजुरांच्या भाकरी थापल्या, ती आता दुधात बुडवलेल्या बिस्किटावर होती.

"गावमा कोनले ईचारू?" नवलसिंग म्हणाला. "बाया हासतीन."

चुडामणने लसणाचा गड्डा त्याच्यापुढे ठेवला. "सोला."

हिवाळ्याचे दिवस होते. गावाबाहेर पथाऱ्यांवर, वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची पडली होती आणि वारा फिरला की सगळ्या नंदुरबारच्या नाकात तिची झणझण शिरत होती. चुडामणला तो वास आला की बायकोची, रेवाबाईची पावलं ऐकू येत. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

नोकरीत असताना तो एसटीच्या आगारात टायर बदलायचा. सकाळपाळी करून दुपारी घरी. रेवाबाई मिरचीच्या हंगामात पथारीवर जायची, दिवसभर उन्हात बसून देठ खुडायची. दिवेलागणीला घरी यायची तेव्हा हात कोपरापर्यंत पेटलेले. साबण लावा, खोबरेल तेल चोळा, आग कमी होत नसे. एकदा तिने लहानग्या लेकीचं, रविनाचं नाक नुसतं पदराने पुसलं, तर पोरीने रडून गल्ली गोळा केली. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत रेवाबाईने ना पोरीला हात लावला, ना पिठाला.

मग चुडामणने चूल हाती घेतली. त्याला काहीच येत नव्हतं. रेवाबाई उंबऱ्यात बसायची, दोन्ही हात ताकाच्या परातीत, आणि तिथूनच सांगायची.

"तेल तपनं का? आते लसूण टाका. इतला नई! जळी ऱ्हायना, जळी ऱ्हायना, डाळ टाका आते!"

तूरडाळ, तांदूळ, लसूण, हळद, मीठ, असले तर मूठभर शेंगदाणे. मिरची नाही, कारण संध्याकाळी तिला तिचा वासही सहन होत नसे. वर कच्च्या तेलाची धार आणि बुक्कीने फोडलेला कांदा. रेवाबाई त्या दिवसांत चमच्याने खायची. पहिला चमचा तोंडात गेला की डोळे मिटून घ्यायची आणि मग रविना विचारायची, "माय, पप्पा पास का नापास?"

"पास," रेवाबाई म्हणायची. खिचडी कशीही झालेली असो.

रविना आता सुरतेला दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून थकून आली की तीच खिचडी टाकायची आणि फोनवर सांगायची, "पप्पा, पोरं भांडी चाटी गयात." चुडामणही अजून तशीच करायचा. घरात कुणाचे हात जळत नव्हते, पण त्याला भगोन्यात मिरची टाकवत नव्हती.

"हाई सोलायनं," नवलसिंगने पाकळ्या पुढे केल्या. निम्म्या पाकळ्या नखाने चेचल्या होत्या.

चुडामणने त्या तशाच घेतल्या. "काही बिघाडत नई. ठेचनाच शेत."

लसूण तेलात पडला आणि वास सुटला. नवलसिंग एकदम म्हणाला, "मी उनू व्हतू तव्हय, याद शे का तुम्हले?"

चुडामणला आठवत होतं. नवलसिंग मिरची घेऊन बाजारात आला होता आणि न सांगता बहिणीकडे उतरला होता. चुडामण चुलीपुढे, हातात पळी. नवलसिंग दारातच थांबून हसला होता. "आगारमा टायर अन घरमा भगोनं! दाजी, तुम्ही बाईना जल्म लेवाले पाहिजे व्हता." जेवायला बसल्यावर एक घास खाऊन म्हणाला होता, "मिरची संपनी का नंदुरबारनी?"

रेवाबाईने परातीतून हात बाहेर काढले नव्हते. तिथूनच म्हणाली होती, "दादा, दिनभर तुन्हीच मिरचीना देठ खुडस मी. ताटमा बी तीच खाऊ का?"

नवलसिंगने ताट अर्धं टाकलं होतं. त्यानंतर तो लग्नकार्यापुरताच आला.

"याद शे," चुडामण म्हणाला आणि डाळ-तांदूळ भगोन्यात ओतले.

"तुम्हले लाज नई वाटे का दाजी?"

"वाटे ना. दार लाई लेवू मी." त्याने पाणी ओतलं, बोट बुडवून दाखवलं. "आपलाकरता दोन पेरं. वहिनीकरता चार. नरम पाहिजे."

"मंग? लाज वाटे तरी?"

चुडामणने भगोन्यावर झाकण ठेवलं. "ती भूकी ऱ्हाये ना, आप्पा."

नवलसिंगने मान खाली घातली. झाकणाखाली खिचडी रटरटू लागली. दोघं जमिनीवर बसून तो आवाज ऐकत राहिले. जेवताना नवलसिंगने या खेपेला ताट पुसून खाल्लं आणि दुपारच्या बसने निघून गेला.

त्याचे फोन येऊ लागले. पहिल्या दिवशी, "खालथून जळनी." दुसऱ्या दिवशी, "पानीच पानी व्हयनं, दाजी." मग, "हळद जास्ती पडनी, सोनं दिखस." चुडामण सांगायचा, आच कमी करा, पळी लावत राहा. छबूबाई खाते का, हे विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं आणि नवलसिंगही आपणहून सांगत नव्हता. मग फोनच बंद झाले. आठवडा गेला. चुडामणने लसणाची जुडी पिशवीत टाकली आणि प्रकाशाची बस धरली.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. पुढच्या खोलीत खाटेवर छबूबाई उशांना टेकून बसवलेली. केस विंचरलेले, भांग जरा वाकडा. नवलसिंग आतून भगोनं फडक्यात धरून बाहेर आला. त्याच्या हातावर पोळल्याचे दोन डाग होते.

"बठा दाजी. टाईमवर उनात."

त्याने आधी खाटेजवळ स्टूल ओढलं. चमच्यावर फुंकर मारली, चमचा स्वतःच्या ओठाला लावून बघितला आणि मग घास तिच्या तोंडाशी नेला. छबूबाईने खाल्लं. दुसरा घासही खाल्ला. तिसऱ्याला तिने डावा हात वर केला. तोंड वाकडं करून, खूप जोर लावून ती म्हणाली, "मी... ठ."

"कमी शे?"

तिने मान डोलावली.

"देखा!" नवलसिंग वळला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "कव्हयनी नुसती गिळे. आज पहिल्यांदा नाव ठेवं मन्हा सैपाकले!"

तो लगबगीने आत गेला, चिमटीत मीठ घेऊन आला, तिच्या वाटीत कालवलं. छबूबाईने वाटी संपवली. मग त्याने चुडामणला वाढलं, वर तेलाची धार सोडली. खिचडी खालून थोडी लागली होती, तांदळाचा एखादा दाणा कचकचत होता. चुडामणने पहिला घास तोंडात घेतला. रेवाबाई गेल्यापासून कुणी त्याच्यासाठी चूल पेटवून ताट पुढे ठेवलं नव्हतं. तो घास तो कितीतरी वेळ चावत राहिला.

"काय व्हयनं? बरी नई का?"

"वाढा आजून," चुडामण म्हणाला आणि ताट पुढे केलं.

नवलसिंगने त्याला वाढलं. खाटेवर छबूबाईचे डोळे मिटत आले होते. तिच्या मानेखालची उशी त्याने सारखी केली, अंगावर गोधडी ओढली. चुडामणचं ताट उचलून नेलं, त्याला हात धुवायला पाणी दिलं. मग तो भिंतीला टेकून खाली बसला, भगोनं मांडीशी ओढलं आणि तळाला राहिलेली खिचडी खरवडून खरवडून त्यातच जेवू लागला.