म्हातारीचा निरोप समारंभ

म्हातारीला निरोप द्यायचा ठरला, तेव्हापासून थोरल्याचं डोकं भणभणत होतं. म्हातारी म्हणजे रेल्वेच्या शेडमधलं सगळ्यात जुनं विजेचं इंजिन. थोरला तिचा ड्रायव्हर, आणि सख्खा धाकटा भाऊ त्याचा सहायक. गेल्या हिवाळ्यात चढावर असताना म्हातारीच्या पोटात भडका उडाला. काय झालं ते बघायला धाकटा इंजिनातल्याच मागच्या बोळात शिरला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजून घेऊन बाहेर आला. बोटं अजून वळत नव्हती.

"तू जाऊ नकोस तिथे," धाकटा म्हणाला.

"शेवटची फेरी मलाच मारायला सांगितलीय. जाणार."

फलाटावर मांडव होता, माईक होता. थोरल्यानं हार घातलेलं इंजिन हळूच आणून उभं केलं. शेडचे साहेब माईकपुढे आले. हिनं आम्हाला पोसलं, हिनं कधी दगा दिला नाही, असं बरंच काही ते बोलले. मेल्या म्हशीला मणभर दूध, थोरला मनात म्हणाला. मग साहेबांनी माईक त्याच्या हातात दिला. "दोन शब्द बोला."

"दगा दिला नाही म्हणता," थोरला म्हणाला, "माझ्या भावाला विचारा. हिचे सुटे भाग बनायचे कधीच बंद झालेत. एक चालू ठेवायची तर दुसरीचं पोट फाडावं लागतं. आतल्या वायरींवरचं आवरण उन्हात वाळलेल्या सालीसारखं गळून पडतंय. हे साहेबांना माहीत आहे, त्यांच्या वरच्यांनाही माहीत आहे. म्हणून तर हिला काढताय. मग हात भाजायच्या आधी का नाही काढली? हिच्या दोन बहिणी अजून शेडमध्ये आहेत. उद्या त्यांना मालगाडी जोडणार आहेत. मी चढणार नाही."

टाळ्या वाजवायला आलेली माणसं हात मांडीवर ठेवून बसली.

साहेबांनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं. "मला काय कळत नाही? चारदा वर कळवलं. नवीन इंजिनं यायला वर्ष आहे, तोवर माल कोण ओढणार, असं विचारतात."

"पडून राहू दे माल."

"बोलायला सोपं आहे."

"जळायला त्याहून सोपं आहे, साहेब."

संध्याकाळच्या आत थोरल्याला कामावरून बाजूला करून चौकशी लावली. मात्र सकाळी त्या दोन इंजिनांवर कोणीच चढलं नाही. ज्या मंडळींनी आजवर मान खाली घालून गाड्या हाकल्या, ती शेडच्या दारात चहा पीत बसून राहिली.

घरी थोरला जरा ताठ मानेनेच शिरला. धाकटा डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायची खटपट करत होता. थोरला पुढे झाला, तसा तो मागे सरकला.

"राहू दे. भरल्या मांडवात माझा हात मिरवलास. मला विचारलंस?"

"तुझ्यासाठीच बोललो ना."

"तुझा राग तुझ्यासाठी होता. माझा माझ्याजवळ आहे. मला पांगळा करून तू शूर झालास."

थोरल्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. तो म्हणाला, "चुकलं माझं. मग आता काय करू?"

"चौकशीला मी येणार. तिथे तू गप्प बसायचं."

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे वरून आलेले तीन अधिकारी होते. धाकट्यानं बाही वर सारली, हात टेबलावर ठेवला आणि त्या चढावर काय घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. आवाज चढवला नाही. मधल्या अधिकाऱ्यानं नजर खिडकीकडे वळवली, तेव्हा धाकटा थांबला.

"इकडे बघा," तो म्हणाला, "मग पुढचं सांगतो."

अधिकाऱ्याला बघावं लागलं. थोरला दात आवळून गप्प बसला. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं.

महिन्याभरात त्या दोन्ही बहिणी भंगारात निघाल्या. थोरल्याला परत कामावर घेतलं, पण बढती रोखली. धाकट्याला शेडमध्ये खुर्चीवरचं काम मिळालं, आणि ते घेतानाही तो कोणाला धन्यवाद म्हणाला नाही.