डोक्यामागचा ठणका

तुमिराच्या डोक्यामागे ठणका का लागतो, हे लासेम गावात तुमिरा सोडून सगळ्यांना कळलं होतं. बातिकच्या कारखान्याची मालकीण मुर्नियातीबाई तर यातली मोठी पंडित. "कोलेस्टेरॉल, दुसरं काय! बकऱ्याचं मटण हादडलं असशील," असं तिने तपासल्यासारखं सांगून टाकलं. ईदनंतर तुमिराने बकरा पाहिला होता तो फक्त चरताना.

मग काकडीचा रस पाजून झाला. नाण्याने मान लाल होईपर्यंत खरवडून अंगातला वाराही काढून झाला. ठणका जागचा हलला नाही. तीस वर्षं ठेंगण्या स्टुलावर खाली मान घालून कापडावर मेणाच्या रेघा काढणाऱ्या बाईचं मानगूट का दुखतं, एवढी साधी अक्कल एकाही शहाण्याला नव्हती. आता उजव्या बोटांना मुंग्या येत होत्या. ती बोटं गेली की तुमिराची भाकरी गेली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीने रक्तदाब मोजला, मान चाचपली. "रक्तदाब ठीक आहे, आजी. हे वाकून बसण्याचं दुखणं. कापड डोळ्यांसमोर घ्या, अर्ध्या तासाने उठा, मान शेका. बोटं आणखी बधिर झाली, नाहीतर डोकं एकदम असह्य दुखलं, तर तडक या."

तुमिराने घरून कारखान्यात खुर्ची आणली. कापड टाकायच्या बांबूच्या घोडीखाली विटा रचल्या.

"हे काय सोंग?" मुर्नियातीबाई कडाडली. "सोमवारी पाहुणे येतायत फोटो काढायला. खुर्चीतली बातिकवाली कोण बघणार?"

"मग तुम्हीच बसा स्टुलावर, बाई." तुमिराने खुर्ची उचलली आणि घर गाठलं. असल्या बाईसाठी तीस वर्षं मान मोडली, याची तिला किळस आली.

रविवारी मालकीण तुमिराच्या दारात हजर. खोलीभर आडवी लावलेली उंच घोडी, तिच्यापुढे तुमिरा, दाराकडे पाठ करून.

"तुमिरा, उद्या तासभर बस ना गं स्टुलावर. दुप्पट मजुरी देते."

"मागून बोलू नका, बाई. मान वळत नाही माझी. समोर या."

समोर जायला घोडीखालूनच वाट होती. पदराला मेण लागू नये म्हणून मुर्नियातीबाई कमरेत वाकली, मान खाली घालून आत शिरली आणि मध्येच विव्हळली.

"थांबा," तुमिरा म्हणाली. "तशाच राहा. तासभरच."