अढीत न पिकलेला आंबा

मित्रांनो, मी एक जुना आंबा आहे. जुना आंबा म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडलंत, दिसलं मला. पण मी सडत नाही, मला वासही येत नाही. रत्नागिरीच्या धाकू सुताराने १९२४ साली मला फणसाच्या लाकडातून कोरलं. म्हणजे जन्माने मी फणसच. माझा आंबा झाला तो हरिश्चंद्र मास्तरांमुळे.

हरिश्चंद्र मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. आधी ते वर्गात टेबलावर खरा हापूस मांडत. पण तास संपेपर्यंत तो तिथे टिकेल तर शपथ! मोसम संपला की तेवढंही नाही. म्हणून त्यांनी मला करवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने रंगवलं. पिवळाधमक नव्हे. पाडाला आलेला, म्हणजे झाडावर नुकताच पिकू लागलेला. देठाकडे किंचित पिवळा आणि खाली हिरवा.

"हिरवा कुठे संपला ते शोधा," ते मुलांना सांगत. "सापडलं तर मला दाखवा. मला स्वतःला अजून सापडलेलं नाही."

मुलं हसत आणि मग खरोखरच शोधू लागत. किती मुलांनी मला काढलं! कुणी वांग्यासारखं काढलं, कुणी उशीसारखं. मी रागावलो नाही. ते दिवस माझे सुखाचे होते आणि ते मला फार आठवतात.

आता रागाची गोष्ट सांगतो. आमच्या शाळांचा कारभार एक समिती पाहत असे. तिच्या अध्यक्षांना सगळे रावसाहेब म्हणत. इंग्रजी आणि गणित शिकवणाऱ्यांना समिती पगारावर वेगळा भत्ता देई. चित्रकला, शिवण, उर्दू, कवायत यांच्या वाट्याला ठणठणगोपाळ. आणि कुणी मोठा साहेब शाळा बघायला आला की कमान कोण रंगवणार? हरिश्चंद्र मास्तर. तोरणं कोण शिवणार? शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या तुळसाबाई. राबायला सगळे विषय आणि भत्त्याला दोनच!

हरिश्चंद्र मास्तरांच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ होती. मुंबईहून त्यांचा भाऊ सारखा बोलवत होता, 'गिरणीत ये, तिथे चित्रं काढणाऱ्याला काम आहे.' मास्तरांचं मन मात्र वर्गात होतं. भत्ता मिळाला तरच ते राहू शकणार होते. शाळेत हे सर्वांना ठाऊक होतं. मलाही.

उर्दू शिकवणारे मन्सूर मास्तर एके दिवशी चित्रकलेच्या वर्गात आले आणि बाकावर बसून म्हणाले, "एकेकटे गेलो तर एकेकाला वाटेला लावतील. सगळे मिळून जाऊ या."

असा शिक्षकांचा संघ उभा राहिला. सर्व विषयांना सारखा भत्ता मिळावा असा अर्ज तयार झाला. ज्यांना भत्ता मिळत होता त्या इंग्रजीच्या मास्तरांनीही त्यावर सही केली, याचं मला आजही कौतुक वाटतं. रावसाहेबांनी अर्ज तोंडी ऐकला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे विषय म्हणजे पानातलं लोणचं. गोडी वाढते हो, पण लोणच्याने पोट भरतं का?" दोन वर्षं संघ खेपा घालत राहिला. दर खेपेला रावसाहेब तोंड भरून स्तुती करत आणि पुढच्या बैठकीचं नाव सांगत.

शेवटी हरिश्चंद्र मास्तरांचं डोकं फिरलं. आमच्याकडे कचेरीत काम असलं की आंब्याच्या दिवसांत साहेबाकडे आंब्यांची डाली, म्हणजे भेटीची करंडी, पाठवायची रीत होती.

"या वर्षी आपणही डाली पाठवू," मास्तर म्हणाले. "एकाच आंब्याची आणि तोही लाकडी. रावसाहेबांची स्तुती अशीच असते, दिसायला गोड आणि खायला काही नाही."

तुळसाबाईंना ते पटलं नाही. "आणि त्यांना टोमणा कळलाच नाय तर?"

"कळेल हो बाई! लहान पोराला कळेल."

मला पेंढ्यात ठेवलं. माझ्याखाली अर्ज. मी अगदी ताठ बसलो होतो. आयुष्यात प्रथमच मी नुसता नमुना नव्हतो, मी संघाचा निरोप होतो.

मित्रांनो, रावसाहेबांना आंब्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असा मोठा अभिमान होता. त्यांनी मला उचललं, अंगठ्याने दाबलं, देठाकडचा पिवळा निरखला आणि भागोजी शिपायाला हुकूम सोडला, "पाडाचा आहे. अढीत घाल. आठवडाभरात तयार होईल."

आणि मला खऱ्या आंब्यांबरोबर गवतात घातलं! माझ्या शेजारचे एकेक पिकले, घमघमले, निघून गेले. रावसाहेब रोज येऊन मला दाबून बघत. मी दगडासारखा होतो तसाच. शेवटी भागोजीच भीत भीत म्हणाला, "सायेब, ह्यो पिकायचा नाय. ह्यो लाकडाचा हाय."

मला वाटलं, आता ओशाळतील, आता अर्ज वाचतील. ते खो खो हसले. संघाची मंडळी उत्तरासाठी आली तेव्हा त्यांनी हरिश्चंद्र मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, मला फसवलंत! मला! काय हात आहे तुमचा! आता आमच्या कचेरीच्या पाट्याही तुम्हीच रंगवून द्या."

"आणि भत्ता?" मन्सूर मास्तरांनी विचारलं.

"बघू की पुढच्या बैठकीत."

खिडकीतून खारा वारा येत होता. टेबलावरचा अर्ज फडफडला. रावसाहेबांनी मला उचललं आणि त्याच्यावर ठेवून दिलं.

मी तिथेच राहिलो. बैठका झाल्या, चहा झाला, पाहुण्यांना माझी गंमत सांगून झाली. संघाचा अर्ज माझ्या अंगाखाली पिवळा पडला. मी मनातून कितीदा ओरडलो, मला ढकला, मला खाली पाडा! पण लाकडाला आवाज नसतो. माझ्याच मास्तरांच्या अर्जावर मी बसलो होतो. याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या बंद असलेल्या बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि हरिश्चंद्र मास्तर मुंबईला गेले. चित्रकलेचा तास तुळसाबाईंच्या गळ्यात पडला. अर्थात, फुकट.

एके दुपारी त्या कचेरीत आल्या. "रावसाहेब, आंबा न्यायला आल्ये मी. मुलांना काढायला काही नाय."

"अहो बाई, ती तर माझ्या टेबलाची शोभा आहे!"

"शोभा नव्हे. आमच्या अर्जावरचा धोंडा आहे तो." असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि पिशवीत टाकलं. मागे कागद उडाला. रावसाहेबांनी भागोजीला हाक मारली, पण भागोजी ओ देईना. मग रावसाहेब खुर्चीवरून उठले, वाकले आणि त्यांनी तो अर्ज स्वतःच्या हाताने उचलला. तेवढंच मला दिसलं.

त्या वर्षी भत्ता मिळाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. संघ अजून खेपा घालतो आहे. तुळसाबाई आणि मन्सूर मास्तर पुढे असतात.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने 'मला जपा' म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मी पडलो तर मला उचलून ठेवता येतं, रंग गेला तर रंग देता येतो. मास्तर गेले की काय करता येतं? आमचे हरिश्चंद्र मास्तर आता गिरणीत कापडाच्या ठाणांवर वाघाचा छाप मारतात म्हणे. दिवसभर, रोज, तोच एक वाघ.