गोठ्याचे तीन पत्रे

सुधाकररावांनी गोठ्यावरचा तिसरा पत्रा खाली ओढला, तेव्हा बैलानं मान वर करून आभाळ पाहिलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

शेजारची भागाबाई कुंपणापलीकडून बघत होती. दोन्ही घरांत माणसं एकेकच उरली होती.

"भाऊजी, ऐन पावसाळ्यात गोठा काऊन उघडा करून राह्यले?"

"आमच्या रंजीताचा उपग्रह उडाला ना काल. टीव्हीवर नाही पाह्यला?"

"पाह्यला. धूर लय होता. पण बैलानं काय केलं?"

सुधाकररावांनी समजावलं. उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरणार. जाता जाता आपल्या बेला गावावरूनही जाणार. त्यात रडार आहे. त्याला ढग आडवा येत नाही, अंधार आडवा येत नाही. माणूस मात्र दिसत नाही. तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडून वर तोंड करून ठेवले, तर त्याच्या चित्रात पांढरा ठिपका उमटतो. हे लेकीनंच बंगळूरहून सांगितलं होतं, पोळ्याला येणं जमणार नाही हे सांगून झाल्यावर.

"म्हणजे लेक घरी येत नाही, तर घरच वर पाठवून राह्यले तुमी."

"तुमचा हर्षदीप तरी कुठं येते?"

"तो हैदराबादेत मोबाईल विकते. त्याच्याजवळ उपग्रह नाही."

एवढं बोलून ती आत गेली. सुधाकररावांनी पत्रे तारेनं आवळले आणि बैलाला रंजीताच्या खोलीत बांधलं. बैलानं तक्रार केली नाही.

कापूस फुटायला लागला, तेव्हा मोबाईलवर एक करडं चित्र आलं. पाठोपाठ फोन.

"बाबा, तुमचा ठिपका दिसला. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. पण दोन कसे?"

"दोन?"

"दुसरा भागाकाकूंच्या परसात आहे. त्यांनी काऊन लावला? त्यांचं तर इथं ऑफिसात कोणीच नाही."

सुधाकरराव फोन कानाला धरूनच कुंपणापाशी गेले. पलीकडं न्हाणीमागं तीन पत्रे उभे होते, कोपऱ्यासारखे जोडलेले, हळदकुंकू लावलेले. एक वाऱ्यानं कलला होता.

"बाबा? ऐकून राह्यले ना?"

"दोन्ही आपलेच हायेत," ते म्हणाले. "दोन्हीकडं पाहात जाय."

फोन खिशात घालून त्यांनी एक धोंडा उचलला. भागाबाई बाजाराला गेली होती. तरी ते कुंपण दबकतच ओलांडून गेले आणि कललेला पत्रा सरळ करून त्याला धोंड्याचा टेकू दिला.