अबू गालिबची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा कारखाना कुठला, ते मला आठवत नाही. मला जीव लावला तो जॉर्डनमधल्या अम्मानच्या रुदैनाने. ती तेव्हा एका दैनिकाची राजकीय वार्ताहर होती. मंत्र्यांच्या दिवाणखान्यात मला मेजाच्या मधोमध ठेवून ती सगळ्यांदेखत बटण दाबायची. म्हणायची, "हा माझ्याहून खरा आहे हं, जपून बोला." काय ऐट होती माझी तेव्हा!

एकदा अबू गालिब नावाचे मंत्री माझ्यापुढे हसत म्हणाले, "हो, ऐन लौझा गावच्या झऱ्याचं पाणी मी माझ्या मळ्याकडे वळवलं. तू काय करणार आहेस, पोरी?" तिने ते छापलं आणि मंत्री साफ उलटले. मग संपादकांनी माझ्याकडून मंत्र्यांचाच आवाज ऐकला, म्हणून तिची नोकरी वाचली. ती कॅसेट तिने माझ्या पोटातच राहू दिली.

पुढे रुदैना एका अभ्यास केंद्राची संचालक झाली. मी गेलो काचेच्या कपाटात, आणि व्यासपीठावर आला एक चंदेरी मानेचा माईक. मेला! त्याला रोज मऊ फडक्याने पुसायचे. बोलताना ती त्याच्या अगदी जवळ झुकायची. मी जळून खाक व्हायचो. त्याने ऐकलं काय, तर लिहून आणलेली भाषणं. माझ्यासारखं कुणाला घाम फुटताना ऐकलंय का त्याने कधी?

मग केंद्राने पाण्यावर अहवाल लिहायला घेतला. त्यात ऐन लौझाचं प्रकरण होतं, आणि पुरावा एकच, माझ्या पोटातला. मी मनात म्हटलं, आता बघ रे माईकड्या!

एका सकाळी अबू गालिब स्वतःच आले. म्हातारे झाले होते. कडू कॉफीचा पेला त्यांनी हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. आमच्याकडे याचा अर्थ लहान मूलही जाणतं. पाहुणा काहीतरी मागायला आलाय, आणि यजमानाने 'कॉफी घ्या' म्हटलं की मागणं मान्य झालं.

"केंद्र छान थाटलंयस, पोरी," ते म्हणाले. "माझी ती कॅसेट मला हवी."

रुदैनाने माझ्या कपाटाकडे पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. परदेशी पाहुणे खाली आले होते. दहा वर्षं बैठकांमध्ये लोकांना कॉफीचा आग्रह करून तिची जीभ त्यालाच सोकावली होती. फोन खाली ठेवता ठेवता ती सहज बोलून गेली, "घ्या ना अबू गालिब, कॉफी घ्या, निवतेय."

म्हाताऱ्याने एका घोटात पेला रिकामा केला. "शाब्बास! बापाची लेक शोभतेस."

"अहो, मी तसं नव्हतं म्हटलं!"

"मग कसं म्हटलंस?"

शब्द गेला तो गेला. तिने कपाट उघडलं, कॅसेट काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

दुपारी केंद्राच्या मंडळाने सांगितलं, "पुरावा नाही, तर प्रकरण गाळा." तिचं उत्तर ऐकायची माझी छातीच नव्हती. ती म्हणाली, "आठ दिवस द्या. शब्द कॅसेटचा दिला होता, झऱ्याचा नाही." आणि तिने मला उचललं. मला!

ऐन लौझात फिद्दा नावाची, झऱ्याचं पाणी पाहिलेली म्हातारी चटईवर बसली होती. हज करून आलेली, म्हणून सगळे तिला हज्जा म्हणत. रुदैनाने नवी कॅसेट घातली आणि बटण दाबलं. मी फिरलोच नाही. इतकी वर्षं कुणी मला चालवलंच नव्हतं. आतला पट्टा कडक झाला होता.

"अगं, हा मेलाय की जिवंत आहे?" हज्जाने विचारलं.

रुदैनाने मला पोटाशी धरून ऊब दिली, झाकण उघडून चाक बोटाने हळूच फिरवलं आणि पुन्हा बटण दाबलं. मी खरखरलो, अडखळलो, आणि फिरू लागलो.

"बोला हज्जा. झरा कुठे होता?"

"तू बसलीयस ना, तिथेच."

मित्रांनो, जुन्या वस्तू काचेत ठेवून त्यांचं नुसतं कौतुक करू नका. अधूनमधून त्यांना चालवून बघत जा. त्या दिवशी मी फिरलो नसतो, तर हज्जाचं पुढचं सगळं बोलणं वाऱ्यावर गेलं असतं.