ब्याऐंशी इंचांचा फणस

प्लासिडचं पत्र गणपतीच्या आधी आलं होतं. मार्च लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं आणि मी विसरलोही नव्हतो. टेबलाशी बसून ‘प्रिय प्लासिड’ एवढं लिहायचो आणि पुढे काय लिहावं तेच कळेनासं व्हायचं.

प्लासिड माझा शाळेपासूनचा मित्र. निर्मळ गावात आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे त्याचं घर. त्याचा जन्म जहाजांच्या इंजिनांपाशी गेला, त्यात कान गेले. फोनवर त्याला काही ऐकू येत नाही. आता तो न्यूझीलंडला मुलाकडे असतो आणि इथल्या घरात त्याची धाकटी बहीण मटिल्डा एकटी राहते. घराच्या छपराला वाळवी लागली आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या परसातला जुना फणस आडवा झाला, तेव्हा प्लासिडच्या मनात आलं की त्याच फणसाच्या तुळया आणि वासे करावेत, छप्पर नवं घालावं आणि कायमचं परत यावं. पण त्यांच्याकडे जाणारी गल्ली स्कूटरपुरती. ओंडका कापायला बाहेर न्यायचा कसा?

“इकडे लोक घरच्या घरी लाकूड कापतात,” त्याने लिहिलं होतं. “छोटं यंत्र असतं. सुटं करून चार माणसं उचलून नेतात आणि पडलेल्या झाडाशीच जोडतात. तीन यंत्रांची माहिती सोबत पाठवतोय. मुंबईत एक जण मागवून देतो. झाड मोज आणि कुठलं घ्यायचं ते कळव. मटिल्डाला यंत्रातलं काही कळत नाही, तू वाचणारा माणूस. एकही चालणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे घर बिल्डरला देऊन मोकळा होतो.”

वाचणारा माणूस हे खरं. मुंबईच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. पण ग्रंथपालाला पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते माहीत असतं. आतलं सगळं कळतंच असं नाही.

मी ती पत्रकं शब्दकोश घेऊन वाचली. दोन चाकांवरून दातेरी पोलादी पट्टा फिरतो, ओंडका जागचा हलत नाही, यंत्रच रुळांवरून त्याच्यावर सरकत जातं. एवढं समजलं. मग दातांमधलं अंतर, पट्ट्याचा ताण, पेट्रोल की वीज, आणि वीज तर आमच्याकडे मंगळवारी असली तर बुधवारी नसते. एक शंका फिटली की तिच्या जागी दुसरी. मात्र प्रत्येक पत्रकाच्या पहिल्याच ओळीत एक गोष्ट स्वच्छ लिहिली होती. सगळ्यांत लहान यंत्रात वीस इंचांपर्यंतचा ओंडका चालतो, मधल्यात अठ्ठावीस, मोठ्यात छत्तीस.

मी माझ्या बायकोची, मंदाची, शिवणाची टेप घेऊन गेलो. ती पुरली नाही, दोनदा लावावी लागली. ओंडका ब्याऐंशी इंच भरला.

घरी येऊन पुन्हा पत्रक पाहिलं. छत्तीस. विरारला एका लाकडाच्या वखारीत भीतभीत विचारलं, तर तिथला शेठ खूश होऊन म्हणाला, “ब्याऐंशी? आणि सरळ आहे? काका, झकास माल आहे. विकायचाय का?” मी नाही म्हणून निघालो आणि जास्तच गोंधळलो. माल झकास, पण यंत्रात मावत नाही. म्हणजे खरं उत्तर एकच होतं: एकही चालणार नाही. ते लिहायचं म्हणजे मटिल्डाचं घर माझ्या हातानं बिल्डरला द्यायचं. आणि न लिहिणं म्हणजे तरी दुसरं काय होतं? मी बाजारात लांबच्या वाटेनं जाऊ लागलो. तिचं दार टाळायचं म्हणून.

एका दुपारी मटिल्डाच आली. चपला दारात भिरकावल्या आणि थेट माझ्यासमोर खुर्चीत बसली.

“भाऊ, उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरला प्लासिड बिल्डरला शब्द देणार. तुम्ही त्याला कळवलंत काय?”

“अजून... वाचतोय,” मी म्हणालो.

“अगं, दोन ओळी लिहायला यांना दहा पुस्तकं लागतात,” मंदा आतून म्हणाली. “आमच्या लग्नाला होकार यांच्या वडलांनी कळवला म्हणून बरं.”

मटिल्डा हसली नाही. “जे असेल ते मला तोंडावर सांगा. मी घाबरत नाही.”

मग मी सांगितलं. खाली बघत सांगितलं, पत्रक तिच्यापुढे ठेवून. यंत्र छत्तीसपर्यंतच घेतं, मटिल्डा, आणि आपला फणस ब्याऐंशी आहे.

“ब्याऐंशी काय?”

“इंच.”

“कुठून कुठे?”

मी दोन्ही हातांनी हवेत झाडाला मिठी मारून दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मंदाकडे पाहिलं.

“वहिनी, माझी कंबर किती?”

“चव्वेचाळीस. मागच्या महिन्यात झगा शिवला तेव्हा होती,” मंदा म्हणाली.

“आणि ह्या दारातून मी सरळ आत आले ना? आडवी होऊन तर नाही आले?”

मी दाराकडे पाहिलं.

“अहो भाऊ, रोज संध्याकाळी त्या ओंडक्यावर बसून पेपर वाचायचात. पाय जमिनीला टेकत होते ना? ब्याऐंशी इंच म्हणजे माझ्या दारापेक्षा उंच. शिडी लावून चढत होतात काय?”

मंदा पदर तोंडाला लावून हसू लागली. मी हसावं की नाही ते ठरवू शकलो नाही. आमच्याकडे झाड विकताना सगळे घेरच सांगतात, वडीलही घेरच सांगायचे. आडव्या रुंदीचा आकडा मी कधी ऐकलाच नव्हता. पण हे कोणाला सांगणार?

आम्ही तिघं परसात गेलो. मटिल्डाने ओंडक्याच्या कापल्या तोंडावर काठी आडवी धरली आणि खूण करून मोजली. सव्वीस.

“मधलं चालतं,” ती म्हणाली.

“बुंध्याकडे फुगवटा असेल तर? साल धरायची की सोडायची? पत्रकात...”

“लिहा.”

तिच्याच टेबलाशी बसून मी लिहिलं. ती समोर उभी होती, त्यामुळे ‘प्रिय प्लासिड’च्या पुढे जावं लागलं. फणस सव्वीस इंच रुंद आहे, मधल्या यंत्रात मावतो. पेट्रोलचं घ्यावं की विजेचं हे मला कळत नाही, आणि कळेल असं वाटत नाही. ते तू इथे येऊन ठरव. घर देऊ नकोस. उशीर झाला, कारण मी चुकीचं मोजलं होतं.

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. मटिल्डाने पेन काढून घेतलं.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनाला घालण्यासाठी हात पुढे केला. मला वाटलं, सव्वीस नीट लिहिलंय की त्याचं छत्तीस वाचलं जाईल, एकदा उघडून पाहावं.

“काका,” बाई म्हणाल्या, “सोडा की पाकीट.”

मी सोडलं. त्यांनी तिकिटं चिकटवली, ठप्पा मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.